हळदीच्या घरातली फेसाळ बाटली

फेब्रुवारी उजाडला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात हवेला एक वेगळाच वास येतो. वसमतकडे जा, औंढ्याकडे जा, नाहीतर कळमनुरीच्या वाटेला लागा. शेताशेतांतून हळद शिजत असते. कुकरमधून वाफ निघत असते, शिजलेली हळकुंडं ताडपत्रीवर पसरलेली असतात, आणि माणसांचे हातपायच नव्हे, तर बांधावर बसलेल्या कुत्र्याची पाठसुद्धा पिवळी झालेली असते. वर्षभर ज्यासाठी राबायचं, ते सगळं या दीड-दोन महिन्यांत पदरात पडायचं असतं. अशा दिवसांत घरचा तरणाताठा मुलगा घरी नसणं म्हणजे काय, हे हळदवाल्यालाच कळतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं घर नर्सीच्या जवळ. नर्सी म्हणजे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं ते. आमचे दाजी पंढरीचे वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकलेली नाही. शेगावची पालखी सेनगाव, नर्सी, औंढ्यावरून परभणीकडे जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या पंगतीला वाढायला हा माणूस सगळ्यांच्या पुढे. त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझा भाचा, परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि नोकरीला लागला तो कुठे, तर नाशिकजवळ, दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीत!

सुरुवातीला "द्राक्षाच्या कारखान्यात आहे" एवढंच गावात सांगितलं गेलं. पण गावापासून काय लपतं? एक दिवस पारावर कुणीतरी म्हणालं, "माळकऱ्याचं पोरगं दारू गाळायलंय म्हणे." त्या दिवसापासून दाजींनी मुलाशी फोनवर बोलणं सोडलं. बहीण बोलायची, दाजी ओसरीवर बसून ऐकायचे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दाजींचा राग वाचकांना नुसता सोवळेपणा वाटेल. दाजींच्या थोरल्या भावाने दारूपायी आधी सहा एकर जमीन घालवली आणि मग स्वतःलाही. त्यांची तिरडी उचलली त्याच वर्षी दाजींनी माळ घातली. मी पस्तीस वर्षं शाळामास्तर होतो. दारूने बसलेली घरं मी वर्गातल्या पोरांच्या चेहऱ्यांवर वाचलेली आहेत. त्यामुळे या प्रकरणात माझं मन सुरुवातीपासून दाजींच्याच बाजूचं होतं, हे कबूल करतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत, हळद काढणीला लागली आणि मजूर मिळेनात, तेव्हा दाजी हिंगोलीला माझ्याकडे आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही एकदा जाऊन या. काय करायलंय पोरगं तिकडं, डोळ्यानं बघून या. आन् जमलं तर घेऊनच या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने औंढ्यावरून परभणी गाठली, तिथून तपोवन एक्स्प्रेस. संध्याकाळी नाशिकरोडला उतरलो, तर भाचा मोटारसायकल घेऊन उभा. वाळलेला दिसला. पाया पडला आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, हळद निघाली का?"

पहाटे साडेचारला त्याने मला उठवलं. थंडी अशी की मफलर सोडवेना. मळ्यात विजेऱ्या बांधलेली पंधरा-वीस माणसं द्राक्षाचे घड कात्रीने तोडून क्रेटमध्ये ठेवत होती. मी म्हटलं, "अरे, एवढ्या अंधारात का?" तर म्हणाला, "मामा, ऊन चढलं की मणी तापतो. तापलेल्या फळाचा रस बिघडायला लागतो. सूर्य वर यायच्या आत माल आत गेला पाहिजे."

मी एक मणी तोंडात टाकला आणि दात आंबले. खायच्या द्राक्षासारखा गोडवा नाहीच. तेव्हा कळलं, की फेस येणाऱ्या वाइनसाठी द्राक्ष मुद्दाम लवकर तोडतात. साखर थोडी कमी, आंबटपणा भरपूर, अशा वेळी. आपल्याकडे ऊन इतकं की चार दिवस उशीर झाला तरी आंबटपणा उतरतो, आणि मग ती वाइन पाणचट लागते. थंड देशात द्राक्ष पिकेल की नाही याची काळजी, आपल्याकडे फार पिकेल याची!

आपला द्राक्षाचा हंगामही जगावेगळा आहे. युरोपात वेलाला पानगळ असते, बर्फात तो झोपतो आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या आसपास एकदा खरड छाटणी आणि पाऊस सरताना दुसरी, फळासाठीची. तिकडे द्राक्ष सप्टेंबरात निघतं, इकडे जानेवारी ते मार्चमध्ये. नेमकं आमची हळद निघते तेव्हाच. भाचा हळदीला घरी का येत नाही, याचं उत्तर मला त्या मळ्यात मिळालं. दोन्ही पिकांनी एकच मुहूर्त धरलेला!

ही वायनरी एका कुटुंबाची. आठ-दहा एकराचा मळा. नाव लिहीत नाही, तशी त्यांची इच्छा आहे. घरातले आण्णा पूर्वी खायची द्राक्षं परदेशी पाठवत. काकू सगळ्यांचा स्वयंपाक आणि मजुरांचा चहा बघतात, सूनबाई हिशेब आणि सरकारी कागद, मुलगा विक्रीसाठी फिरतो, आणि तळघरातलं काम बरंचसं आमच्या भाच्याच्या अंगावर. कारखाना म्हणून मी जे डोळ्यांपुढे आणलं होतं, त्यातलं तिथे काही नव्हतं. एका बाजूला स्टीलच्या टाक्या, एका बाजूला दाबयंत्र, आणि ओट्यावर वाळत घातलेले पापड.

तोडलेले घड न चिरडता, अगदी हलक्या दाबाने पिळतात. सालाचा रंग आणि तुरटपणा उतरू नये म्हणून. तो रस टाकीत थंड ठेवून यीस्ट घालून आंबवतात. यीस्ट म्हणजे साखर खाणारा सूक्ष्म जीव. साखर खातो, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. टाकीतून वायू उडून जातो आणि साधी, आंबट, पांढरी वाइन उरते. इथवरचं काम सगळ्या वायनऱ्यांत होतं. खरी गंमत यापुढे.

ही वाइन बाटलीत भरतात आणि त्यात पुन्हा थोडी साखर, लिटरला साधारण चोवीस ग्रॅम, आणि यीस्ट घालतात. सोडावॉटरच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच ठोकतात आणि बाटल्या अंधारात आडव्या रचतात. आता बाटलीतच आंबणं सुरू होतं. पण या वेळी वायूला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो. भाचा म्हणाला, "मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तिप्पट धरा, मामा." म्हणून ही बाटली जाडजूड आणि तिच्या बुडाला आत खोल खळगा. कच्ची निघाली तर फुटते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या तळघरांत कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून शिरत, इतक्या बाटल्या फुटायच्या.

मग वाट पाहायची. साखर संपली की यीस्ट मरतं आणि त्याचा गाळ बाटलीत खाली बसतो. हा मेलेला गाळच वाइनला चव देतो, भाजलेल्या पावासारखी. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात तर कायदाच आहे, की बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने ती विकायची नाही, आणि एकाच सालच्या द्राक्षाची म्हणून विकायची असेल तर तीन वर्षं. आमच्या आण्णांकडे अठरा महिने ठेवतात.

आता प्रश्न असा, की बाटलीतला गाळ काढायचा कसा? बाटली उघडली तर वायू जाणार, न उघडली तर दारू गढूळ. हा पेच सोडवला एका विधवेने. रीम्स गावच्या क्लिको घराण्यातली ही सून. १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ती २७ वर्षांची होती. त्या काळात बाईने व्यापार करायचा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. हिने नुसता केला नाही, तर वाढवला. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात एक युक्ती निघाली. फळीला तिरकी भोकं पाडायची, त्यांत बाटल्या मानेकडून खोचायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, उभ्या करत न्यायच्या. काही आठवड्यांनी सगळा गाळ घसरत घसरत बुचाशी येतो. आज मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्र करतं. आण्णांकडे अजून लाकडी फळ्याच आहेत. कामगार त्याला नुसतं 'स्टँड' म्हणतात.

भाच्याने मला ते काम करून दाखवलं. तळघरात मिणमिणता दिवा. दोन्ही हातांनी दोन बाटल्यांचे बुंधे धरायचे, एक हलका झटका, आठवा हिस्सा वळण, आणि पुढची जोडी. खट्, खट्, खट्. तोंडाने एक शब्द नाही. शेकडो बाटल्या. मी नुसता बघत राहिलो. या मुलाला मी लहानपणी पाढे म्हणताना पाहिलं होतं, सतराच्या पाढ्याला अडायचा. इथे एकही बाटली चुकत नव्हती.

शेवटी बाटलीची मान उणे पंचवीस अंशांपर्यंतच्या गार द्रावणात बुडवतात. गाळाचा गोळा गोठतो. बूच काढलं की आतल्या दाबानेच तो टपकन बाहेर उडतो. तेवढी कमी झालेली जागा वाइन आणि चवीपुरत्या साखरेने भरायची, कॉर्क ठोकायचा, वर तारेची टोपी. चाखायला तयार!

लोकांना वाटतं की हा फेस दों पेरिन्यों नावाच्या साधूने शोधला. खरं म्हणजे फ्रान्समधल्या ओविलेर मठाचा हा कोठारी, १६६८ ते १७१५ असा तिथे होता, आणि वाइनमध्ये बुडबुडे येऊ नयेत म्हणूनच खटपट करत होता. बुडबुडे तेव्हा दोष मानत! साखर घालून वाइन फेसाळ करण्याची रीत त्याच्याही आधी, १६६२ मध्ये, ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचून दाखवली होती. आणि शॅम्पेन हे नाव फक्त त्या प्रांतातल्या वाइनचं. बाकीच्यांनी 'स्पार्कलिंग' म्हणायचं. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसाच हा प्रकार. नाव मातीचं असतं आणि ते राखावं लागतं.

महाराष्ट्रात हे वेड पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घेतलं ते शामराव चौगुले यांनी. १९८० च्या दशकात त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, फ्रान्सच्या पायपर-हायडसिक या जुन्या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साह्य घेऊन अशी वाइन बनवली. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली आणि इथे 'मार्की द पॉम्पादूर' या नावाने. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षाचा फेस इंग्लंड-युरोपातल्या टेबलांवर! त्या काळी ही बातमी वाचून आम्ही मास्तरलोक स्टाफरूममध्ये हसलो होतो, तेही आठवतं. पुढे या कंपनीने ऑस्ट्रेलिया-इंग्लंडपर्यंत हातपाय पसरले, आणि २००८ नंतरच्या मंदीत कर्जाच्या ओझ्याखाली ती कोसळली.

नाशिकची कथा तशी नंतरची. अमेरिकेत शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर १९९७ च्या सुमारास वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. बघता बघता वायनऱ्या उगवल्या. पुढे फ्रान्सच्या मोएत हेनेसीसारख्या बलाढ्य कंपनीने दिंडोरीत येऊन 'शाँदों' सुरू केली.

याच गर्दीत गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी गुरनानी कुटुंबाची 'यॉर्क' नावाची छोटी वायनरी उभी राहिली. नावावरून इंग्लंडची वाटेल, पण ते वडील लिलो गुरनानी यांच्या तीन मुलांच्या, योगिता, रवी आणि कैलाश यांच्या, इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेलं. कैलाश ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला वाइन बनवण्याचं शास्त्र शिकून आले, रवी धंदा बघू लागले. या घराने चेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षापासून बाटलीत आंबवलेली फेसाळ वाइनही काढली. लहान घर, स्वतःचं नाव, स्वतःची चव. आणि २०२१ मध्ये ही यॉर्क शेजारच्या सुलाने विकत घेतली.

"चांगली चालली होती तर विकली का?" मी विचारलं.

उत्तर सूनबाईंनी दिलं. त्या वेळी त्या वह्यांत डोकं घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काका, त्यांच्या घरचं त्यांना माहीत. आमच्या घरचं सांगते. आज तोडलेल्या द्राक्षाचे पैसे आम्हाला दीड-दोन वर्षांनी दिसणार. तोवर मजुरी, बाटल्या, वीज, बँकेचं व्याज. महाराष्ट्राबाहेर विकायचं तर प्रत्येक राज्यात वेगळी परवानगी, वेगळी फी, लेबलसुद्धा वेगळं मंजूर करायचं. मोठ्या कंपनीला शंभर बाटल्या आणि एक लाख बाटल्या, कागद सारखाच. आम्हाला त्या शंभर बाटल्यांचाच कागद जड होतो."

२००८-०९ मध्ये असंच झालं. मंदी आली, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा उपटल्या. हे द्राक्ष बाजारात खायला म्हणून विकता येत नाही. मणी बारीक, बिया भरलेल्या. गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने पाठ फिरवली की संपलं. आण्णांनाही एका कंपनीने विचारलं आहे. विकावं की धरून ठेवावं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. रात्री जेवताना ते भाच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पोरगा आहे म्हणून फेसाची बाटली चालू ठेवली. हा गेला की फळ्या जळणाला."

झालं! मी ज्याला न्यायला आलो होतो, त्याच्याच जिवावर एका घराचा धंदा उभा होता.

रात्री गच्चीवर मी भाच्याला सरळ विचारलं, "बाबा रे, ही दारू नाही, फळांचा रस आहे, असं काही मला सांगू नकोस. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने वाइन मोठ्या दुकानांतून विकायचं ठरवलं, तेव्हा काय रान उठलं होतं, आठवतंय ना? शेवटी ते अमलात आलं नाही."

तो म्हणाला, "नाही मामा. ही दारूच आहे. बारा टक्के अल्कोहोल असतं. रस म्हणून खपवणार नाही. मोठ्या काकांचं झालेलं मी विसरलेलो नाही. मी स्वतः चव घेतो आणि थुंकतो, तेच काम आहे. पण मामा, मला हे काम येतं. पहिल्यांदा काहीतरी असं आलं, की जे दुसऱ्याला येत नाही."

"मग आपल्याकडे येऊन लाव ना द्राक्ष. जालन्याचं कडवंची गाव द्राक्षावर उभं राहिलंच ना?"

"तेही डोक्यात होतं," तो म्हणाला. "बाबांच्या विहिरीवरच्या दोन एकरांत. पण आपल्याकडची काळी भारी जमीन, पाणी धरून ठेवते. रात्री इथल्यासारख्या गार नसतात. आणि द्राक्ष आलं तरी द्यायचं कुणाला? तोडल्यावर काही तासांत पिळायला हवं. जवळपास वायनरी नाही. नुसत्या हौसेपायी बाबांची जमीन गुंतवणार नाही."

त्याने मला एका छोट्या ग्लासात थोडी ओतून दिली. मी घेतली का? घेतली. दोन घोट. वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही, आणि दाजींपासूनही लपवलं नाही. आंबट, थंड, जिभेवर बारीक टोचणारी. मला काही स्वर्ग दिसला नाही. पण अठरा महिने अंधारात ठेवलेली आणि एका मुलाने रोज हाताने फिरवलेली वस्तू आपण पितो आहोत, हे मात्र जाणवलं. ग्लास खाली ठेवताना दाजींचे थोरले बंधूही आठवले. दोन्ही एकाच वेळी. त्यातलं एक पुसून दुसरं लिहावं, असं मला करता आलं नाही.

येताना भाच्याने एक रिकामी बाटली दिली. "बाबांना दाखवा. रिकामीच आहे, धुतलेली आहे, सांगा."

नर्सीजवळच्या त्या घरी पोचलो तेव्हा अंगणात हळद वाळत होती. दाजी एकटेच हळकुंडं पालथी घालत होते, एका बाजूचं ऊन दुसऱ्या बाजूला मिळावं म्हणून. मी सगळं सांगितलं. घोट घेतल्याचंही. ते काही बोलले नाहीत. बहिणीने बाटली पदराने पुसली आणि ओट्यावर ठेवली. बऱ्याच वेळाने दाजींनी ती हातात घेतली, वजन पाहिलं.

"एवढी जड कशाला?"

मी दाबाचं सांगितलं. गाळाचं सांगितलं, फळीवर रोज फिरवायचं सांगितलं.

"रोज?"

"रोज. काही आठवडे."

"आन् एखाद्या दिवशी नाही फिरवली तर?"

"गाळ तिथंच चिकटतो म्हणे. मग निघायला अवघड."

ते अंगणातल्या हळदीकडे बघत राहिले. मग बाटलीवरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हे नाव कुणाचं?"

"मालकाचं. मळ्याचं नाव आहे."

"आमच्या हळदीच्या पोत्यावर आडत्याचं नाव राहतंय," दाजी म्हणाले. "नऊ महिने आमचे, नाव त्याचं."

मी पुढे काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतंही पुष्कळ. मराठवाड्यातला माल आजवर असाच गेला, कापूस गेला, सोयाबीन गेलं, हळद जाते. पोत्यात भरलेला, बेनावाचा. भाव कधी सोन्यासारखा, कधी मजुरीही न निघणारा. द्राक्ष पिकवणाऱ्या काही घरांनी निदान आपलं नाव बाटलीवर लावून पाहिलं. काही टिकली, काही विकली गेली, काही बुडाली. पण नाव लावून पाहिलं.

दाजींचं मत बदललं, असं मी लिहिणार नाही. ते बदललेलं नाही. "करायचं तर तिकडं कर, माझ्या वावरात नको," असा निरोप त्यांनी बहिणीकडून दिला, आणि दारूचा पैसा देवघरापुढच्या पेटीत टाकायचा नाही, हेही बजावलं. मला त्यात गैर वाटत नाही. भाच्यालाही वाटलं नाही. मेमध्ये, हळदीचं बेणं लावायच्या वेळी, तो आठ दिवसांची रजा काढून आला. बाप-लेकांनी मिळून सरी धरल्या. त्या आठ दिवसांत तो बापाला सांगत होता, की घरची दोन-चार क्विंटल हळद तरी आपण दळून, पाकिटात भरून, गावाच्या नावाने विकून बघू. दाजींनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही' पण म्हटलं नाही. आमच्याकडे याला बोलणी पुढे सरकली असं म्हणतात.

तिकडे आण्णांनी अजून वायनरी विकलेली नाही. पुढच्या हंगामानंतर बघू, म्हणाले.

ती जाड हिरवी बाटली बहिणीच्या खिडकीत आहे. तिने तिच्यात मनीप्लँटची फांदी लावली आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा संध्याकाळी भाच्याचा फोन आला. बहिणीचं बोलून झाल्यावर, कधी नव्हे ते दाजींनी हात पुढे केला आणि फोन कानाला लावला. जनावरांना वैरण टाकली का, असं विचारावं त्याच आवाजात त्यांनी विचारलं,

"काय रे, फिरवल्या का आज बाटल्या?"